मायन्यापासून ‘मेरा पन्ना’पर्यंत : मुलांच्या लेखनशिक्षणाचा एक मागोवा

भोपाळ शहरातील साकेत नगर ही वसाहत आज तेथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेमुळे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘एम्स’मुळे, आणि जवळच पसरलेल्या भेलच्या कारखान्यामुळे ओळखली जाते. या परिसरातील मराठी कुटुंबांतले मूल प्राथमिक शाळेत लिहायला शिकते ते बहुधा हिंदी आणि इंग्रजी या दोन भाषांत, आणि घरची मराठी त्याच्याकडे बोलण्यापुरती राहते. शाळेच्या हिंदी पुस्तकात त्याला औपचारिक पत्र, अनौपचारिक पत्र, संवाद-लेखन, अनुच्छेद-लेखन आणि सूचना-लेखन अशी वेगवेगळी प्रकरणे भेटतात. मुख्याध्यापकांकडे रजा मागताना कसे लिहायचे आणि मावशीला सुट्टीची हकीकत कशी कळवायची, यातला फरक त्याने प्राथमिक वर्गांतच ओळखू लागावा, अशी अपेक्षा असते. ही विभागणी नव्या अध्यापनशास्त्राची देणगी आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात तिच्यामागे एक दीर्घ आणि बरीच वाकडीतिकडी परंपरा आहे, आणि त्या परंपरेतील निदान दोन महत्त्वाचे टप्पे, एक मराठी भाषकांचा आणि दुसरा खुद्द भोपाळचा, या विषयाच्या चर्चेत क्वचितच शेजारी ठेवले जातात. येथे शैली हा शब्द अलंकारिक भाषेच्या अर्थाने घेतलेला नाही. कोणी, कोणाला, कशासाठी लिहीत आहे यानुसार शब्द, मांडणी आणि सूर बदलण्याचे कसब, एवढाच त्याचा अर्थ आहे.

इंग्रजी अमलापूर्वीच्या महाराष्ट्रात मुलांचे शिक्षण पंतोजीच्या शाळेत होत असे. पंतोजी म्हणजे गावातल्या एखाद्या ओसरीवर किंवा देवळात मुले जमवून त्यांना अक्षरे आणि हिशेब शिकवणारा, धान्याच्या किंवा थोड्या पैशांच्या मोबदल्यावर गुजराण करणारा शिक्षक. मुले प्रथम धूळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या लाकडी फळीवर, काडीने अक्षरे गिरवीत. हात बसल्यावर बोरू आणि शाई हातात येई आणि कित्ता, म्हणजे अनुकरणासाठी समोर ठेवलेला सुबक अक्षराचा नमुना, पाहून लिहिण्याचा सराव सुरू होई. १८२० ते १८३० या दशकातील इंग्रजी अधिकाऱ्यांच्या चौकशीचे जे कागद शिक्षणाचे अभ्यासक परुळेकर यांनी पुढे संपादित करून प्रसिद्ध केले, त्यांवरून या शाळांचा भर मोडी लेखन-वाचन, पाढे आणि व्यवहारी हिशेब यांवर होता, हे स्पष्ट दिसते. त्यांत बहुतेक मुलगेच असत आणि तेही मोजक्या जातींचे असत, ही गोष्ट या शाळेचे कोणतेही कौतुक करताना विसरता येत नाही.

या शाळेत ‘लेखनाचे प्रकार’ असा विषय नव्हता, पण पत्राचा मायना होता, आणि मायना हेच शैलीचे पहिले शास्त्र होते. मायना म्हणजे पत्राच्या आरंभी लिहिणाऱ्याचे आणि ज्याला लिहायचे त्याचे नाते सांगणारी ठरावीक शब्दरचना. वडिलांना तीर्थरूप, रक्ताचे नाते नसलेल्या पण वडिलांच्या ठिकाणी असणाऱ्या व्यक्तीला तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव, बरोबरीच्या गृहस्थाला राजमान्य राजेश्री, सधवेला सौभाग्यवती, विधवेला गंगाभागीरथी अशी संबोधने ठरलेली असत; त्यापाठोपाठ साष्टांग नमस्कार, आशीर्वाद किंवा दंडवत यांपैकी नात्याला शोभणारा शब्द येई, ‘विनंती विशेष’ म्हणून मजकुराला सुरुवात होई आणि ‘बहुत काय लिहिणे’ किंवा ‘कळावे, लोभ असावा’ अशा शब्दांनी पत्र मिटे. असे मायने आणि पत्रांचे नमुने एकत्र करणाऱ्या ग्रंथांना मेस्तक म्हणत, आणि परंपरेने या प्रकाराचे कर्तृत्व तेराव्या शतकातील यादवांचा प्रधान हेमाद्री, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला हेमाडपंत, याच्याकडे दिलेले आहे. कारकुनीत शिरणाऱ्या तरुणाला यापुढे सनद, कौलनामा, महजर, करीना, कैफियत आणि यादी असे दप्तरातील कागदांचे प्रकार शिकावे लागत. महजर म्हणजे सभेपुढे झालेल्या निवाड्याचा साक्षीदारांसह केलेला लेख, आणि करीना म्हणजे एखाद्या वतनाची किंवा तंट्याची मुळापासून मांडलेली हकीकत. हे शिक्षण शाळेत नव्हे, तर कचेरीत अनुभवी कारकुनाच्या हाताखाली होई.

मायन्यांची ही व्यवस्था आज कृत्रिम आणि जातिभेदाने, स्त्री-पुरुषभेदाने जखडलेली वाटते, आणि ती तशी होतीच. विधवेला वेगळ्या संबोधनाने ओळखणारी पत्रपद्धती समाजाची उतरंड अक्षरशः कागदावर उतरवीत होती. परंतु तिच्यातील शैक्षणिक शहाणपण नजरेआड करणे योग्य नाही. मोडीत आधी पानावर आडवी रेघ ओढून तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे लिहीत जात. शब्दांमध्ये अंतर नसे, विरामचिन्हे नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. अशा सलग ओळीत अभिवादन कोठे संपले आणि काम कोठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याला ठरीव शब्दांमुळेच कळे. म्हणजे साचा हा निव्वळ शिष्टाचार नव्हता, तर वाचकाची सोय होती. शिवाय मुलाला नमुना पाठ करायचा असला तरी तो नमुना उद्या खऱ्या माणसाला जाणाऱ्या कागदासाठी होता. साचा आणि वाचक या दोन्ही गोष्टी एकत्र असण्याची ही स्थिती पुढील दीडशे वर्षांत मराठी प्राथमिक शाळेत फार थोड्या वेळा पुन्हा आली, हे या मागोव्याचे मुख्य म्हणणे आहे.

असे शास्त्र केवळ मराठीत होते असे नाही. ग्रीक-रोमन शाळांत मुलांना बोधकथेपासून वर्णनापर्यंत चढत्या क्रमाने लेखनाचे सराव दिले जात, आणि चौथ्या शतकातील आफ्थोनियस याने असे चौदा सराव सांगितले आहेत. त्याहून जवळचे उदाहरण फारसी ‘इन्शा’चे आहे. इन्शा म्हणजे पत्रलेखनाचे नमुनाग्रंथ; हरकरन आणि माधोराम या हिंदू मुनशींचे इन्शाग्रंथ उत्तर हिंदुस्थानातील मकतबांत, म्हणजे मुलांच्या फारसी शाळांत, पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. भोपाळच्या नवाबी राज्यात कारभाराची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू होती, तेव्हा साकेत नगर ज्या शहराचा भाग आहे त्या शहरात लेखनाच्या रीती शिकवण्याचे काम शाळांची सरकारी पुस्तके येण्याच्या फार आधीपासून चालत आलेले होते. गालिबने आपल्या उर्दू पत्रांत, ज्यांचा ‘ऊद-ए-हिंदी’ हा संग्रह १८६८ मध्ये निघाला, या इन्शाचे अवडंबर मोडून पत्राला समोरासमोरच्या गप्पांचे रूप दिले, ही गोष्ट जाता जाता नोंदवण्याजोगी आहे. साचा मोडणाऱ्यालाही तो आधी पक्का ठाऊक होता.

मुंबई इलाख्यात १८२२ च्या सुमारास शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली आणि गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या पाठबळाने छापील मराठी पुस्तके मुलांच्या हाती येऊ लागली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बालमित्र’ १८२८ चे आहे. ते परभाषेतून आणलेले होते, आणि त्यातील मुले सभ्य, आज्ञाधारक आणि बोलण्यात मराठी मुलांपेक्षा बरीच पुस्तकी आहेत. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले, आणि सरकारी भाषांतरकार मेजर थॉमस कँडी यांनी शालेय मराठीला एकसारखे वळण देण्याचे आणि विरामचिन्हांचा वापर रूढ करण्याचे काम अनेक वर्षे केले. या घडामोडींचा लेखनशिक्षणावर झालेला परिणाम दुहेरी होता. पुस्तके बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, छापली जात आणि हाताने लिहिण्यासाठी मोडी टिकून राहिली, त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी शाळेतला विद्यार्थी दोन लिप्या शिकत असे: एक ग्रंथाची, दुसरी पत्राची आणि दप्तराची. लिपी बदलली की भाषेची ठेवण बदलते हे त्याला हातानेच कळत होते. पुढे मोडी शाळेतून गेली, तेव्हा शिकण्याचा भार हलका झाला खरा, पण लेखनाचे दोन वेगळे प्रदेश असतात ही रोजची जाणीवही तिच्याबरोबर गेली. दुसरा परिणाम अधिक खोल होता. विरामचिन्हांनी आणि प्रमाण वाक्यरचनेने लिहिणाऱ्याला मायन्याच्या आधाराविना, अनोळखी वाचकासाठी लिहिणे शक्य करून दिले, आणि या शक्यतेचा पहिला मोठा उपयोग ज्यांना मायन्याच्या जगात स्थानच नव्हते त्यांनी केला.

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्राने १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमधील अंकांत छापला. मराठीतील दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ म्हणून या निबंधाची चर्चा होते, आणि ती यथार्थ आहे. लेखनशिक्षणाच्या इतिहासात मात्र त्याची नोंद होत नाही, ही उणीव आहे. वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, असा सरळ युक्तिवाद, पेशवाईतील छळाची हकीकत, उघड्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे वर्णन, विरोधकाला घातलेले सवाल आणि शेवटी आपल्याच लोकांना शिकण्याची कळकळीची विनवणी असे निदान चार-पाच सूर त्या छोट्याशा लेखनात आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी ती कोणाशी बोलत आहे हे बदलते तशी भाषा बदलते. शाळकरी मुलीला इतक्या रीती कोणी प्रकरणवार शिकवल्या असतील, हे संभवनीय नाही. तिच्यापाशी सांगण्यासारखे होते, ऐकवायचे कोणाला हे ठाऊक होते, आणि ते छापणारे पत्र होते.

या उदाहरणानंतर शाळेतील निबंधाचा पुढचा प्रवास पाहणे निराशाजनक आहे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने निबंधाला मराठीत फार मोठी प्रतिष्ठा दिली, आणि परीक्षापद्धतीने तो हायस्कुलातून हळूहळू खालच्या वर्गांत उतरवला. प्राथमिक शाळेत पोहोचेपर्यंत त्याच्यातील वाद, उपहास आणि मत गळून पडले आणि गाय, दिवाळी, माझी शाळा, पावसाळा हे विषय उरले. विधाने क्रमाने मांडायची, पहिल्या वाक्यात विषयाची ओळख आणि शेवटच्या वाक्यात उपदेश, असा त्याचा साचा पक्का झाला. पुढे त्याचे वर्णनात्मक, कल्पनाप्रधान, आत्मवृत्तात्मक आणि वैचारिक असे प्रकार पाडण्यात आले. पण प्रकार चार झाले तरी वाचक एकच राहिला: गुण देणारे मास्तर. फाटक्या पुस्तकाने, मोडक्या छत्रीने आणि बंद पडलेल्या घड्याळाने मराठी मुलांच्या वह्यांत आपापली आत्मवृत्ते सांगितली, आणि ती सगळी एकाच घरात वाढल्यासारखी बोलतात. बाजारातल्या गाइडांनी त्यांचे भाषण आधीच लिहून ठेवलेले असते. मायन्यात निदान पत्र घेणारा बदलत होता. येथे साचा राहिला आणि पत्ता नाहीसा झाला. मधल्या काळात ‘बालबोध’ (१८८१) आणि ‘आनंद’ (१९०६) यांसारख्या मासिकांनी मुलांसाठी उत्तम गद्य पुरवले, पण मूल त्यांत मुख्यतः वाचकच होते.

विसाव्या शतकात हा पत्ता शोधण्याचे प्रयत्न झाले, आणि ते बहुधा शाळेच्या वेळापत्रकाबाहेरून आले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक आणि वसतिगृहाचे प्रमुख असताना साने गुरुजींनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवले, आणि १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढले. दैनिकाचे बरेचसे लेखन त्यांचेच असे, तरी ते रोज वाचणाऱ्या मुलांना बातमी, गोष्ट, चरित्र आणि सूचना यांचे वेगळेपण त्यातून सहज उमगत गेले असणार. मराठी शाळांमधील वार्षिक हस्तलिखित आणि भित्तिपत्रक यांची प्रथा याच वृत्तीची आहे. ती अनेक ठिकाणी सुंदर अक्षराच्या प्रदर्शनापुरती उरली, हा भाग वेगळा. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा, म्हणजे हस्तव्यवसायाला धरून दिलेल्या शिक्षणाचा, जो अभ्यासक्रम तयार केला, त्यात मातृभाषेच्या उद्दिष्टांमध्ये रोजच्या घटनांचे साध्या भाषेत वर्णन करणे, गावातील सभेच्या कामकाजाचा वृत्तांत लिहिणे, घरगुती आणि कामकाजाची पत्रे लिहिणे यांचा समावेश होता. सभेचा वृत्तांत हा प्रकार सात वर्षांच्या शिक्षणात घालण्यामागे मोठी राजकीय दृष्टी होती: गाव स्वतःचा कारभार चालवणार असेल तर त्याच्या मुलांना कारभाराची भाषा लिहिता आली पाहिजे. वर्धा ज्या प्रांतात होते, त्या मध्य प्रांत व वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली, पण युद्ध आणि राजीनामे यांत हे प्रयोग आक्रसले, आणि स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगी शिक्षणातील चरखा काही काळ टिकला, वृत्तांत मात्र टिकला नाही.

येथून कथा भोपाळकडे वळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि नागपूरऐवजी भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झाले. सचिवालयाच्या बदल्यांबरोबर आणि पुढे अवजड विद्युत उपकरणांच्या कारखान्याच्या, म्हणजे भेलच्या, नोकऱ्यांमुळे अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थायिक झाली. इंदूर, ग्वाल्हेर किंवा देवास यांसारखे मराठी संस्थानिकांचे मूळ भोपाळला नव्हते. येथे आलेला मराठी माणूस नोकरदार होता आणि त्याची मुले हिंदी शाळेत गेली. त्या पिढीपर्यंत गावाकडे जाणारे मराठी पत्र तरी होते, आणि तीर्थरूपांना काय लिहावे हे मूल आईच्या शेजारी बसून, पत्राच्या शेवटी राहिलेल्या दोन बोटे जागेत आपल्या चार ओळी लिहिताना शिके. दूरध्वनी घरोघरी आल्यावर हे शिक्षणही संपले, आणि त्याची जागा घेणारे काही शाळेत नव्हते.

भोपाळ शहराने याच काळात हिंदी लेखनशिक्षणात जे घडवले, ते मात्र देशभर महत्त्वाचे ठरले, आणि त्याची सुरुवात शहराबाहेर, आणि भाषेच्या नव्हे, विज्ञानाच्या तासाला झाली. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे मित्र मंडळ या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या नर्मदापुरम् जिल्ह्यातील, १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. त्यातील ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांत तयार उत्तरे नव्हती. मुले चौघाचौघांच्या टोळीत प्रयोग करीत, पाहिलेले लिहीत, मग त्यावर चर्चा करून निष्कर्ष लिहीत, आणि परीक्षेतही पुस्तक उघडून पाहण्याची मुभा होती. लेखनाच्या दृष्टीने यात एक मूलगामी गोष्ट होती. ‘काय असते’ हे लिहिण्याची सवय लागलेल्या मुलाला ‘मी काय पाहिले’ हे लिहावे लागले, आणि शेजारच्या टोळीला वेगळे दिसले असेल तर आपले म्हणणे पटेल अशा भाषेत मांडावे लागले. निरीक्षण, मोजमाप आणि तर्क यांची वाक्ये वेगवेगळी असतात, हे निबंधाच्या तासाला कधी न शिकलेले भान गावातल्या शाळेत साध्या भिंगातून आले, असे म्हणण्यास हरकत नाही. या कार्यक्रमात सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांनी मनातला कोणताही प्रश्न त्याला पत्राने विचारायचा आणि कार्यक्रमातील जाणकारांनी त्याच्या नावाने उत्तर पाठवायचे, अशी ही योजना होती. पात्र काल्पनिक असले तरी उत्तर खरे येत असे, आणि पत्रलेखन शिकवण्याचा याहून प्रामाणिक मार्ग सांगणे कठीण आहे.

याच कामातून १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था उभी राहिली, आणि जुलै १९८५ मध्ये तिने भोपाळहून ‘चकमक’ हे मुलांचे हिंदी मासिक सुरू केले. त्यातील ‘मेरा पन्ना’ हा विभाग पूर्णपणे मुलांच्या लेखनाचा आणि चित्रांचा आहे. लिहिणाऱ्याचे नाव, इयत्ता आणि गाव यांसह तेथे गोष्टी, कविता, स्वप्ने, भांडणे, प्रवास, घरी घडलेले प्रसंग, ऐकलेल्या अफवा असे सारे छापले गेले, आणि त्यांत बुंदेली, मालवी, निमाडी यांच्या छटा येत राहिल्या. निबंधातल्या गाईला जे जमले नाही ते येथे शेळीला जमले: ती कोणाची होती, केव्हा हरवली आणि कोणामुळे सापडली, हे सांगितले गेले. १९८७ पासून एकलव्यने हरदा भागातील आणि बैतूल जिल्ह्यातील शाहपूर परिसरातील काही सरकारी प्राथमिक शाळांत प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, संक्षेपाने ‘प्रशिका’, राबवला. त्याच्या ‘खुशी-खुशी’ या पाठ्यपुस्तकांत भाषा, गणित आणि परिसर एकत्र गुंफलेले होते, आणि मुलाच्या बोलण्यातून लेखनाकडे जाण्याची वाट धरलेली होती. शाहपूरच्या परिसरात गोंडी आणि कोरकू बोलणारी मुले होती, तर त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेस मुलताईकडे मराठी बोलणारी वस्ती आहे. शाळेची हिंदी या सर्वांनाच घराबाहेरची होती. या अनुभवाला वैचारिक बैठक देणारे पुस्तक म्हणजे मध्य प्रदेशातीलच कृष्ण कुमार यांचे ‘बच्चे की भाषा और अध्यापक’. लिहिणे म्हणजे समोर नसलेल्या माणसाशी केलेले बोलणे, हा त्यातील विचार शिक्षकाच्या रोजच्या कामाला थेट भिडणारा आहे.

मराठी प्रांतात जवळजवळ त्याच वर्षांत असेच प्रयोग होत होते. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापूरला सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलांच्या अनुभवातून आलेल्या स्वतंत्र लेखनाला शाळेच्या मध्यभागी आणले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या कामात भाषाशास्त्राचा आधार घेऊन मुलांच्या साक्षरतेची पद्धत बांधली. एकलव्यच्या ‘शैक्षणिक संदर्भ’ या हिंदी नियतकालिकाच्या प्रेरणेने पुण्याहून त्याच नावाचे मराठी नियतकालिक निघू लागले, आणि भोपाळचा अनुभव मराठी शिक्षकांपर्यंत पोहोचण्याची एक वाट झाली. या सर्वांच्या मागे, कळत-नकळत, फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने यांचे उदाहरण उभे होते. त्यांनी १९२० च्या दशकात खेड्यातील आपल्या वर्गात छोटे मुद्रणयंत्र आणले, मुलांनी स्वतः लिहिलेला मजकूर मुलांनीच जुळवून छापला, आणि दूरच्या शाळेतील मुलांशी त्याची देवाणघेवाण सुरू केली.

परंतु मुक्त लेखनाच्या या परंपरेवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि भारतीय प्रयोगांच्या कौतुकात तो झाकला जाऊ नये. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील भाषाशास्त्रज्ञ जे. आर. मार्टिन आणि जोन रॉदरी यांनी प्राथमिक शाळांतील मुलांचे लेखन तपासले, तेव्हा मोकळीक दिलेली मुले बहुतांशी गोष्ट आणि घडलेली हकीकत हेच दोन प्रकार लिहितात, असे त्यांना आढळले. स्पष्टीकरण, युक्तिवाद आणि अहवाल हे प्रकार सत्ता आणि नोकरी यांच्या जगात चालतात. सुशिक्षित घरातील मूल ते घरात उचलते, आणि इतर मुलांना ते कोणी उलगडून दाखवले नाही तर ती त्यांपासून वंचित राहतात. म्हणून या अभ्यासकांनी प्रत्येक प्रकाराची बांधणी वर्गात उघडपणे शिकवण्याचा आग्रह धरला. ‘मेरा पन्ना’तील लेखनातही कथा-कवितेचे पारडे जड आहे, आणि अर्ज कसा लिहायचा हे शाहपूरच्या मुलाला ‘चकमक’ने शिकवले नाही, तरी ते त्याला लागणारच होते. मायन्याच्या शाळेने हे ओळखले होते. तिचा दोष साचा शिकवण्यात नव्हता. तो साचा मोजक्यांनाच शिकवण्यात आणि त्यात प्रत्येकाची पायरी कायमची ठरवून टाकण्यात होता. उलट निबंधाच्या शाळेने साचा सर्वांना दिला आणि वाचक कोणालाच दिला नाही. साचा आणि वाचक या दोहोंमधील निवड करताना भोपाळच्या प्रयोगाला झुकते माप द्यावे लागते, कारण वाचक मिळालेले मूल साचा पुढे शिकू शकते, पण वाचकाविना साचा शिकलेल्या मुलाचे लेखन परीक्षेबरोबर संपते.

होशंगाबादचा कार्यक्रम पुढे मध्य प्रदेशातील अनेक जिल्ह्यांत पसरला आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. ‘चकमक’ मात्र चालू राहिले. आज साकेत नगरातील मुलाच्या हिंदी पुस्तकात अनौपचारिक पत्राचे जे प्रकरण आहे, ते जुन्या मेस्तकाचे दूरचे वंशज म्हणावे असे आहे. पत्राचा आराखडा कोठे काय लिहावे हे नेमके सांगतो, गुणांची वाटणी पत्ता, संबोधन, मजकूर आणि समारोप अशी होते, आणि ते पत्र टपालात पडत नाही. मराठीपुरते बोलायचे तर तेवढीही सोय या शहरातील शाळेत बहुधा नाही, त्यामुळे जे काही करायचे ते घरांनी आणि गणेशोत्सव, संक्रांत अशा निमित्तांनी एकत्र येणाऱ्या मंडळांनी करायचे आहे. निबंधस्पर्धा हा त्यांचा आवडता उपक्रम असतो, पण त्याने मराठी मुलाच्या हाती पुन्हा परीक्षकच येतो. त्याऐवजी वर्षातून एक हस्तलिखित मराठी अंक काढून तो घरोघरी फिरवणे, नागपूरच्या किंवा पुण्याच्या नातेवाइकाला मुलाने स्वतः पत्र लिहून त्याच्याकडून लेखी उत्तर मागवणे, सोसायटीच्या बैठकीचा वृत्तांत एखाद्या वेळी दहा-अकरा वर्षांच्या मुलाकडून मराठीत लिहून घेणे, हे अधिक उपयोगाचे आणि फारसे खर्चाचे नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघत आहे, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, आणि मुलांच्या लेखनाला व चित्रांना त्यात जागा असते. भोपाळच्या मराठी पालकांनी आपल्या मुलांचे लेखन तिकडे जरूर पाठवावे.